अकरा नंबरची काच

मंगळवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी सहा ते नऊ.
संडरलंडचं कॉलेज, तळमजला, सात नंबरचा गाळा.
डांगरीवर नाव शिवून मिळालं : मँडी.
मंदाकिनी मावत नव्हतं खिशावरच्या पट्टीत,
आणि मीही हुज्जत घातली नाही.

पलीकडच्या गाळ्यात कॅलम, वय सतरा.
माझा रॉड प्लेटला चिकटला की
पडदा सारून सांगतो, मनगट फिरव, झटका दे,
कोंबडीची मान पिरगळतात तसा.
मी शाकाहारी आहे
हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

शिकवतात रॉनी थर्लवेल.
अठ्ठ्याऐंशी साली गोदी बंद झाली तेव्हा पंचविशीत होते.
वेअर नदीकडे पाठ करून उभे राहतात,
खिडकीपाशीसुद्धा.
म्हणतात, आधी ऐक.
आर्क नीट लागला की आवाज सलग येतो.
मोहरी तडतडायला लागली तर समज, तू लांब गेलीस.
(मोहरी माझी. ते दुसरंच काही तळतात.)

कोल्हापुरात, उद्यमनगरात, अण्णांची शेड होती.
ग्रिल, गेट, शटर, कुणाची तरी पाण्याची टाकी.
डबा घेऊन मी दारापर्यंत जायची.
आत निळं काहीतरी लखलखायचं
आणि अण्णा ओरडायचे : बघू नको! डोळे जातील!
भावावर नाही ओरडायचे.
त्याला एक काळा चष्मा होता, सुतळीनं बांधलेला.

रात्री अण्णा उताणे पडलेले,
मिटल्या डोळ्यांवर बटाट्याच्या दोन चकत्या.
वाळू गेल्यासारखं खुपतंय, म्हणायचे.
चकत्या बदलायचं काम माझं.
एकदा त्यातली एक, कोमट झालेली,
मी माझ्या डोळ्याला लावून पाहिली.
काही दिसलं नाही.

इथे पहिल्यांदा हेल्मेट खाली घेतलं
तेव्हा सवयीनं डोळे गच्च मिटले.
सत्तेचाळीस वर्षांची बाई,
अंधारात बसून वर आणखी अंधार करून घेतलेली.
रॉनी म्हणाले, बघ. काच त्यासाठीच आहे.

बघितलं.
अकरा नंबरच्या काचेतून एवढंसं हिरवट उजाडतं,
मधे हरभऱ्याच्या डाळीएवढं तळं,
वितळलेलं, थरथरतं,
मागच्या कडेनं गोठत येणारं.
सूर्य वगैरे काही नाही. तळंच.
त्याला न सांडता पुढे न्यायचं,
झोपलेलं पोर
एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेतात तसं.

दिवाळीत करंज्या नेल्या.
रॉनींनी खायच्या आधी एक ट्यूबलाइटखाली धरली,
मुरडीवरून अंगठा फिरवला.
ही कुणी घातली?
मी.
मग प्लेटवर का नाही घालत?
कॅलमनं पाच खाल्ल्या.

परवा माझा टेस्ट पीस वाकवला.
व्हाइसमधे धरून, लांब पाइप लावून, हळूहळू.
मधोमध तडकला.
आत काळी रेघ, स्लॅगची, केसाएवढी.
रॉनींनी नखानं दाखवली :
इथे थांबलीस तू. कसला विचार करत होतीस?
मला सांगता आलं नाही.
शेजारच्या गाळ्यात ग्राइंडर सुरू झाला, ते बरं झालं.

फोटो अण्णांना पाठवला,
तडकलेल्याचा नव्हे, त्याच्या आधीचा.
हल्ली त्यांना एकाच डोळ्यानं दिसतं,
फोन नाकाशी धरतात.
दोन निळ्या खुणा उमटल्या, मग रात्रभर काही नाही.

पहाटे उत्तर होतं :
करंट जास्त आहे. पाचदहा कमी कर.
आणि त्याखाली, तासाभरानं लिहिलेलं,
काच किती नंबरची देतात?

अकरा, मी लिहिलं.
सगळं दिसतं,
असं पुढे लिहिलं
आणि पुसलं.