रिकामी जागा

डॉक्टर ओर्कुमा ग्बांदे यांच्याकडे मी एकवीस वर्षं टाइप केलं.
अकरा वर्षं वेड्यांच्या इस्पितळात
(हा शब्द त्यांना चालत नसे, मला अजून दुसरा सुचत नाही),
चार गव्हर्नरच्या बंगल्यात,
उरलेली सहा टायरच्या दुकानावरल्या खोलीत.

इस्पितळ बेन्वे नदीच्या काठाला. पत्र्याखाली साठ खाटा.
डिसेंबरात वाळवंटाकडचा वारा सुटला
की कार्बन पेपरवरसुद्धा धूळ बसायची,
अक्षरांना जावळ आल्यासारखी दिसायची.
डॉक्टर रोग्याचं नाव आधी विचारत नसत.
विचारत, झोप लागते का?
आणि मग गप्प.
ते गप्प बसणंही टाइप करायचं असे.
मी म्हटलं, याला कुठली कळ दाबू?
म्हणाले, जागा सोड. दोन ओळी.
फारच खोल असेल तर तीन.

तर्खेंदाच्या कागदावर पानभर जागा आहे.
तो यामच्या वाफ्यांशी बोलायचा, एकेका कंदाला नावानं हाक मारायचा.
सात महिन्यांनी घरी गेला. जाताना मला एक याम देऊन गेला,
हे तुझं, म्हणाला, याचं नाव मी अजून ठेवलं नाही.

निवडणुकीत विरोधकांनी भिंती रंगवल्या :
वेड्यांचा डॉक्टर आता तुम्हाला तपासणार!
आमच्या पक्षानं तीच ओळ उचलली, फक्त खाली फोटो टाकला.
शपथेच्या दिवशी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं अंगेर त्यांच्या खांद्यावर.
तीन वेळा घसरलं. मी मोजलं.

बंगल्यात रस्तेखात्याचा मंत्री पहिल्यांदा आला,
त्यालाही विचारलं, झोप लागते का?
बिचाऱ्याला तो इशारा वाटला.
दुसऱ्या दिवशी पाकीट आलं.
पाकीट परत गेलं. पहिल्या वर्षी सगळी परत गेली.
नंतरचं मी पाहिलं नाही.
मी टाइप करत होते.
इस्पितळाच्या औषधांची रक्कम निम्मी, हेही मीच टाइप केलं.
'निम्मी' दोनदा तपासलं. शुद्ध होतं.

तुरुंगातून फाशीच्या फायली यायच्या, लाल फितीच्या.
त्यात एकीवर तर्खेंदा.
गावाकडं काय झालं ते फायलीत चार ओळींत होतं :
कोयता, भाऊ, वाफ्यावरून भांडण.
डॉक्टरांनी दार लावून घेतलं.
जनरेटर दोनदा बंद पडला, दोनदा सुरू झाला.
संध्याकाळी फाईल बाहेर आली तेव्हा सही नव्हती, माफीही नव्हती.
समासात पेन्सिलीनं एवढंच :
झोप लागते का?

तुरुंगाधिकाऱ्याचं उत्तर आठवड्यानं आलं, शिक्क्यासकट.
होय साहेब. रात्री नऊ ते पाच.

ती फाईल खणात तीन वर्षं पडून राहिली.
खण उघडताना फीत अडकायची, मी सोडवायचे.
निवडणूक हरल्यावर शेवटच्या दिवशी त्यांनी ती टेबलावर काढून ठेवली,
नव्या साहेबांसाठी.
जागा सोडलीय, म्हणाले.
नव्या साहेबांनी ती भरायला नऊ दिवस घेतले.

टायरच्या दुकानावर रोगी कमीच येत.
खालून हवा भरल्याचा आवाज यायचा, रबराचा वास.
एके दुपारी कुणीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, लिही.
मी कागद चढवला, तारीख मारली.
ते रोग्याच्या खुर्चीत बसले होते.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मी दोन ओळी सोडल्या. मग तीन. मग मोजायचं थांबवलं,
रूळ फिरवत राहिले, कागद वर सरकत राहिला.

मला विचारता आलं असतं.
तो प्रश्न माझ्याइतक्या वेळा कुणी लिहिला नसेल.
कागद संपला.
मी दुसरा चढवला.