कच्चा रंग

एप्रिल. अक्कलकोट रोडला एमआयडीसीतलं
बंद पडलेल्या टॉवेल कारखान्याचं गोडाऊन.
पत्र्याखाली आम्ही अकरा जण,
सात अग्निशमनचे, बाकी होमगार्ड,
रबरी सूट कमरेपर्यंत चढवून बसलेलो.
घाम बुटात उतरून चालताना पचपच वाजत होता.

सुभेदार खंडागळे म्हणाले,
नाकावर विसंबायचं नाही.
जुन्या वह्यांत लिहिलेलं असतं,
याला लसणाचा वास, त्याला कापलेल्या गवताचा.
ते ज्यांनी हुंगून सांगितलं
त्यांची पुढची पानं कोरी आहेत.

मागून इरण्णा हत्तुरे :
साहेब, लसणाच्या वासाला पळायचं तर
शेंगाचटणीच्या वेळेला
निम्मं सोलापूर पुण्यात पोचेल.
हसलो सगळे. खंडागळेही.
मग त्यांनी खिशातून चिटोऱ्यांची वही काढली,
बसच्या तिकिटांएवढी.

फिकट पिवळसर कागद. काहीच नाही त्यात.
सरावाचा थेंब टाकला, निरुपद्रवी,
आणि कागदाच्या पोटातून
लाल वर आला.
सावकाश, कडेकडेने,
पाय ओला करून कुणी उंबऱ्यावर यावं तसा.

आत रंग झोपवलेले असतात, ते म्हणाले.
एक विष पिवळ्याला उठवतं, एक लालला,
एक काळपट हिरव्याला.
ज्याला जो विरघळतो, तो त्याचं नाव सांगतो.

मी खाली बघितलं.
डाईंगवाल्याची पोर मी, नरसय्या येमूलची.
हे मला कुणी शिकवायला नको होतं.

दुपारी बाहेर उभ्या लुनाखाली
तेलाचा डाग होता. गंमत म्हणून एक चिटोरा टेकवला.
उमटला. झकास उमटला.
हत्तुरे चार पावलं मागे.
ब्रेक ऑइल, खंडागळे म्हणाले,
ढेकणाच्या औषधालाही फसतो हा.
म्हणून कागदानंतर नळी, नळीनंतर यंत्र,
यंत्रानंतर बाटलीत भरून लॅबला.
एका साक्षीवर कुणाला फाशी नाही,
पण पहिल्या साक्षीलाच मुखवटा चढवायचा.
संशय खोटा निघाला तर घाम जातो, एवढंच.

संध्याकाळी घरी. अशोक चौक.
आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती,
शेजारी कुणीतरी खलबत्त्यात लसूण ठेचला
आणि माझा हात चेहऱ्याकडे गेला.
आपोआप. मुखवटा नव्हता तिथे.
कुणी पाहिलं नाही.

नान्ना पाहतच होते.
त्यांना वास येत नाही, एकोणीस वर्षं झाली.
हायड्रोच्या पिंपावर वाकून वाकून गेलं नाक,
कुठल्या दिवशी गेलं तेही कळलं नाही.
तेव्हा त्यांच्या हातात
कुणी चिटोरा दिला नव्हता.

मुदत संपलेली एक वही सरांनी मला दिली होती.
ती त्यांच्यापुढे धरली.
त्यांनी एक पान फाडलं, उजेडात धरलं,
सरावाच्या पानावरचा लाल
अंगठ्याने घासला, नखाने खरवडला,
आणि कापड परत पाठवताना काढायचे तसा आवाज काढला.

कच्चा आहे गं, अनसू.
पहिल्या धुण्यात जाईल.

चादरीचा रंग सुटू नये म्हणून
या माणसाने तुरटी, मीठ, झोप, नाक घातलं.
गिऱ्हाईक बोट ओलं करून घासायचं
आणि हे श्वास रोखून बोटाकडे बघायचे.

सुटायलाच लावलाय, नान्ना, मी म्हटलं.
सुटला की पळायचं असतं.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
आईच्या सुपातली विडी दोऱ्यात बांधली गेली,
अजून एक बांधली गेली.
मग त्यांनी ते पान घडी करून
चष्म्याच्या डबीत ठेवलं
आणि विचारलं,
कोण रंगवतंय हे? कुठल्या गावात?