फक्त आज

परळ नाक्यावर, जीवराजभाईंच्या चपलांच्या दुकानावर
‘फक्त आज’ मी रंगवलं, त्याला सात वर्षं झाली.
ऑइलपेंट वापर, म्हणाले,
पावसाळे झेलले पाहिजेत.
मी लाल घेतला, पिवळी कड दिली,
‘शेवटचे काही जोड’ जरा तिरकं,
धावत सुटल्यासारखं.
पोटमाळ्यावर खोकी छताला टेकलेली;
माझी शिडी त्यांच्यातच तर कोंबायचो.

हे चालतं का, असं कुणी विचारलं तर
मी त्या बाईचं सांगेन:
स्टॉपवरून परत फिरली,
समोर आलेली बस सोडली,
पर्समधले पैसे दोनदा मोजले
आणि पायात न घालताच म्हणाली, बांधा.

आणि माझं.
त्याच संध्याकाळी, बोटांना अजून टर्पेंटाइनचा वास,
हर्षदासाठी निळी सँडल हातात घेतली.
पोऱ्या म्हणाला, शेवटचाच जोड आहे, काका.
अक्षरं माझी. वळण माझं.
‘रंग ओला आहे’ ही पाटीसुद्धा माझीच.
तरी छातीत काहीतरी धावलं.
अर्धा नंबर लहान होती. घेतली.
वर्षभर तिची टाच बाहेर डोकावत राहिली.
ती काही बोलली नाही,
माझ्यासमोर तेवढं जपून चालायची.

परवा जीवराजभाईंचा फोन:
‘आज’मधला ज उडालाय,
लोक ‘फक्त आ’ वाचतात आणि हसतात,
ताबडतोब ये, आजच.

म्हटलं, येतो की.
या आठवड्यात बघतो.