रंगाचं नंतर पाहू

पंचनामा झाला, बंबाचं पाणी अंगणात वाळलं.
मागच्या खोलीत आता नुसतं काळं आहे.
कुलरचा सांगाडा खिडकीत तसाच,
जळालेल्या वाळ्याचा वास मात्र अजून ओला.
मानेवाड्यात पंचेचाळीस डिग्री, दुपारचे तीन,
आणि दारात पहिला माणूस.

ढोबळे. पांढरी गाडी, कार्डावर सोनेरी अक्षरं.
बुटाला काजळी लागेल म्हणून उंबऱ्यातूनच पाहिलं.
"टेन्शन नका घेऊ बाप्पा, आठ दिवसांत चकाचक.
दोन हात पुट्टी, वरून भारीतला रंग,
आग लागली होती हे तुम्हीच विसरून जासान."
खोटं कशाला बोलू, मोह झाला.
विसरणंच तर हवं होतं.
निम्मे पैसे आधी. बिल?
"बिल काहून पायजे, घरचाच माणूस समजा ना."

दुसऱ्याने यायची तसदी घेतली नाही.
फोटो मागवले, रात्री अकराला आकडा पाठवला,
आकड्याखाली जोडलेले हात, दोनदा.

तिसऱ्या आल्या स्कुटीवरून,
तोंडाला उन्हाचा दुपट्टा घट्ट,
डिक्कीत हातोडी, टॉर्च, रेघांची वही.
तक्षशीला रंगारी.
आडनाव रंगारी, आणि तासभर रंगाचा शब्द नाही.
भिंतीला कान लावून
रुपयाच्या नाण्याने टोकत गेल्या कोपऱ्यापासून
टक्, टक्, टक्,
बद्द.
तिथे खडूने फुली.
स्लॅबचा एक टवका दारात नेऊन उन्हात धरला.
"गुलाबी दिसते ना? हे बरं नाही.
वरच्या खोलीत कोणी झोपते का?
आजपासून नको.
आधी टेकू लावू, मग इंजिनिअरला दाखवू,
स्लॅबच्या बाबतीत माझ्या एकटीवर नका राहू."
मी विचारलं, आणि रंग?
"रंगाचं नंतर पाहू."

जाताना दोन नंबर लिहून दिले.
"हे हेडाऊ माझ्यावर नाराज आहेत.
त्यांना आधी फोन करा."
केला. नंदनवनातून आवाज तापलेला:
"बारा दिवस उशीर केला जी त्या बाईनं,
लग्न घरात, अन् मोरी उघडी!"
मग पंख्याची घरघर, मग जरा खाली येऊन:
"तीन पावसाळे झाले. भिंत कोरडी आहे.
हे सांगायचं राहूनच जात होतं."

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.
पोस्टात दिवसभर सह्या ताडून पाहते,
एका वेलांटीसाठी म्हाताऱ्या माणसांना
उन्हात परत पाठवलंय मी.
आणि गेल्या एप्रिलात
कुलर जोडायला आलेल्या पोराचं
नावसुद्धा विचारलं नव्हतं.
दोनशे रुपये कमी घेत होता, बस.

दुसऱ्या खेपेला रंगारीबाईंनी
बोर्डामागून वायर ओढून काढली.
पिळून केलेला जोड, वर चिकटपट्टी,
तिचा आता डांबरासारखा गोळा.
माझ्या तळहातावर ठेवला.
काही बोलल्या नाहीत.
शेंगदाण्याएवढा असेल,
तेवढाच हलका.

अंदाजपत्रक तीन पानी,
ढोबळेपेक्षा चाळीस हजारांनी जड.
पहिल्या ओळीत टेकू, शेवटच्या ओळीत रंग,
मधे मला न कळणारं पुष्कळ,
त्यातलं प्रत्येक विचारलं, फोन करकरून.
एकदा म्हणाल्या, "जेवून राहिली मी, पण विचारा."

आज लोखंडी टेकू आले, अकरा.
खोली होती तितकीच काळी.
ते नाणं त्या खिडकीत विसरून गेल्या.
रात्री लाईट गेल्यावर
बाकीच्या घराच्या भिंतींवर मी टोकून पाहते,
बैठक, स्वयंपाकघर, देवाचा कोनाडा,
टक्, टक्.
कपाटामागे एक जागा आहे,
तिथपर्यंत जाते
आणि हात मागे घेते.