लाभ, दोन, तीन

सावद्याच्या वजनकाट्यावर रात्रपाळी माझी.
दोन ट्रकांच्या मधला वेळ कुणी मागत नाही,
तो मी घेते.
मॉनिटरच्या उजव्या कोपऱ्याला केळीचा चीक लागलाय,
तिथली अक्षरं तपकिरी दिसतात.

फैजपूरच्या क्लासात झोपे सर म्हणाले होते,
एकच काम दहादा लिहू नका.
एकदा लिहा, त्याला नाव द्या,
मग नुसती हाक मारा.
माझ्या पहिल्या फंक्शनचं नाव निव्वळ.
भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा,
दांड्याची घट वजा,
उरेल ते.
हाक मारली. उत्तर आलं: काही नाही.
रात्री दोनला कळलं,
आतला हिशोब सगळा बरोबर होता,
रिटर्न लिहायचं राहिलं होतं.
आमचा लीलाधर असाच.
चक्कीवर पाठवला, दळण झालं, पैसेही दिले,
आणि हात हलवत घरी आला.
डबा तिथेच.

मग लूप.
जोवर गाडी आहे तोवर मोज, असं लिहिलं
आणि गाडी काट्यावरून उतरवायचं विसरले.
तीच गाडी, तेच वजन,
तीच गाडी, तेच वजन,
पडदा धावत सुटला, डब्यातला पंखा घरघरायला लागला,
कुठलं बटण दाबू सुचेना.
त्या रात्री माझा लूप वीजमंडळानं तोडला.

मंगळवारी आठ गाड्या आल्या. यादीत सात.
एक ते आठ सांगितलं होतं मी,
मशीन आठच्या उंबऱ्यावरून परत फिरलं.
आठवी गाडी गुलशेर तडवीची, पालकडून आलेली.
"माझी गाडी खाल्ली का ताई?"
मी सुरुवात शून्यापासून केली.
बुधवारी आठच्या आठ आल्या,
आणि पहिली नेमकी गुलशेरची.
पावती दिव्याखाली धरून उभा राहिला.
"काल गायब, आज शून्य?"

घरी आप्पा जागे होते.
रावेरच्या बाजारात बावीस वर्षं मापाडी.
इलेक्ट्रॉनिक काटे आले त्या दिवशी
पायली उपडी ठेवली ती ठेवलीच.
"काय लिव्हती व रातभर?"
मी शून्याचं सांगितलं.
हसले नाहीत. चहाचा कप विसळला, पुसला,
सुपातली तूर भरभरून डब्यात ओतायला लागले.
"लाभ."
दुसरा कप. "दोन."
"तीन."
मग थांबून म्हणाले,
"एक कधी म्हनत नही आपुन.
पयल्या मापाले मोजत नही, त्याले नाव देतो."

गुरुवारी चार जागा आत सरकून
लूपच्या पोटात दोन ओळी लिहिल्या:
शून्य असेल तर लाभ छाप,
नाही तर आकडा.
छापून आलं: लाभ, एक, दोन.
आप्पांनी पाहिलं असतं तर
कीबोर्डच ओढून घेतला असता.
एक मिळवला. पुन्हा चालवलं.

गुलशेर आज तिसरा होता.
पहिली पावती दुसऱ्याच कुणाला गेली,
निंभोऱ्याचा पोरगा, त्यानं न वाचता खिशात कोंबली.
गुलशेरनं मात्र पाहिली होती.
"उद्या लवकर येतो," म्हणाला.

आता पुढची गाडी चढतेय.
काट्यावरचे आकडे थरथरतात,
स्थिर व्हायला थोडा वेळ घेतात.
तेवढं थांबायचं
मी अजून कशातच लिहिलेलं नाही.