सहाशे सेकंद

चपलांच्या कपाटावर राउटर ठोकताना
जितू भोईर म्हणाला होता,
"चालतोय तोवर याला हात लावू नका."
तीन वर्षं कुणी लावला नाही.

आज वेदांगचा खेळ अडला.
घणसोली, सेक्टर सात, रात्रीचे सव्वादहा.
याचं बोलणं मित्राला पोचतं,
मित्राचं इकडे येत नाही.
"बाबा, तो ओरडतोय. त्याच्या नावाजवळचं
टिंब हलतंय, बघा."

स्टुलावर चढलो. राउटर पालथा करून
टॉर्चच्या उजेडात स्टिकर वाचला.
पासवर्ड अजून तोच, कंपनीने दिलेला.
लाज वाटली.

फॉरवर्डिंग नको, मी म्हटलं,
ते म्हणजे दाराला वीट लावून झोपणं.
ट्रिगरिंग करू. आपल्या गेटवरच्या यादवसारखं:
घरातून आधी काही मागवलं असेल
तरच तो पोऱ्याला वर सोडतो.

बाहेर जाणारा पोर्ट: ६११२.
तो गेला की उघडायचे: ६११२ ते ६११९.
टीसीपी की यूडीपी? दोन्ही.
किती वेळ शांतता असली की बंद?
सहाशे सेकंद.
"दहाच मिनिटं?"
बोलत राहिलास तर उघडंच राहतं रे.
कुणीच बोललं नाही, तर मिटतं.

हे सांगताना माझाच आवाज
मला जरा मोठा वाटला.

अच्युत कोलशेतला राहतो. माझा भाऊ.
कळव्याचा पूल ओलांडला की अर्धा तास.
रबाळ्याची खोली विकली त्या साली
भांडण असं झालंच नाही,
दार कुणी आपटलं नाही.
मी चारचौघांत सांगत आलो,
त्याला माझं घर कायम उघडं आहे.
वहिनीच्या ऑपरेशनचं दुसऱ्याकडून कळलं,
तरी वाट बघत बसलो,
तो कळवेल म्हणून.

सेव्ह दाबलं. राउटर आपणहून विझला.
आतून सुनंदा: "माझी मालिका अडकली!
काय मोडलंत?"
लाल दिवा. नारिंगी. बराच वेळ नारिंगी.
हिरवा.

"आला! बाबा, आवाज आला!"
मग हेडफोन नीट बसवून
मला ऐकू न येणाऱ्या कशावर तरी
तो खदाखदा हसत सुटला.

मी अजून स्टुलावरच.
हातातल्या मोबाइलची टॉर्च तशीच चालू.
नावांच्या यादीत अच्युत अगदी वर येतो,
शोधावं लागत नाही.
अकराला वीस कमी.
तो उशिरा झोपायचा.
तेव्हा तरी.