जाहिरातीचा कच्चा मसुदा

विकणे आहे.
कुर्डुवाडीपासून दीड कोस आत,
रूळ उखडून नेलेल्या छोट्या लाइनीच्या कडेला
प्रशस्त बंगला. बांधकाम अठराशे अठ्ठ्याण्णव.
'प्रशस्त' शब्द माझा. गावात त्याला
स्टोअरसायबाचा बंगला म्हणतात,
सायब जाऊन जमाना झाला तरी.

मी महिबूब नदाफ. दोन टक्के घेतो.
आजवर विकले ते एन.ए. प्लॉट, डाळिंबाच्या बागा,
एक बंद पडलेली जिनिंग,
आणि एकदा अख्खं थेटर, खुर्च्यांसकट.
असलं घर पहिल्यांदाच.

खोल्या सात. भिंती दोन हात जाड,
मे महिन्यात आत पाऊल टाकलं की
रांजणात उतरल्यासारखं वाटतं.
छत सागवानी, वर मंगळुरी कौलं.
खांब बिडाचे, बोटीनं आलेले,
त्यांच्यावर कुठल्या विलायती गावाचं नाव उठावाच्या अक्षरांत,
चुन्याचे इतके हात बसलेत
की आता बोटांनीच वाचता येतं.

आणि हॉलमध्ये शेकोटी. हो, भिंतीतली, धुराड्याची.
सोलापूर जिल्ह्यात!
चव्वेचाळीस डिग्रीत त्या बाबानं
कुठली थंडी आठवून ती बांधून घेतली,
त्याचं त्याला ठाऊक.
रणदिव्यांनी तिच्यात ज्वारीची पोती ठेवली,
मग पोरांची दप्तरं, मग बिघडलेला टीव्ही.
जाळ तेवढा कधी झाला नाही.

मालकीण इंदुमती रणदिवे,
सिव्हिल हॉस्पिटलातून निवृत्त सिस्टर.
मसुदा त्यांना वाचून दाखवला.
"मागील बाजूस स्वतंत्र दार असलेली न्हाणी"
इथं त्यांनी थांबवलं.
"स्वतंत्र कसलं? डबा उचलणाऱ्यानं
घरातनं येऊ नये म्हणून ते दार.
तसं लिहा."
मी म्हटलं, सिस्टर, असं लिहून घर खपत नाही.
"मग काहीच लिहू नका," म्हणाल्या
आणि शेंगा सोलत बसल्या.

मोठ्या खोलीच्या भिंतीत, डोक्याच्या वर,
एक भोक आहे. लिंबाएवढं.
पलीकडं व्हरांडा.
भोकाची खालची कड दोरीनं झिजून गुळगुळीत,
आडाच्या काठच्या दगडासारखी.
सिस्टरांचा आजा सिद्राम, वय वर्षं अकरा,
व्हरांड्यात उताणा पडून पायाच्या अंगठ्यानं
आतला पंखा ओढायचा.
त्या पंख्याचं कापड कुठल्या रंगाचं
हे त्याला कधी दिसलं नाही.
घोरणं थांबलं की जोरात ओढायचं,
आतलं एवढंच त्याला कळायचं.

पुढं कंपनीचं सगळं सरकारात गेलं, लिलाव निघाला.
सिद्राम तेव्हा गँगमन. बोली बोलला.
पैसे आले कुठून, यावर गावात तीन गोष्टी आहेत,
तिन्ही गिऱ्हाइकाला सांगण्यासारख्या नाहीत.
खरेदीखत चोख. बोजा निरंक.

मोठ्या खोलीत झोपला का मग तो?
"झोपला ना, पहिल्याच रात्री. घोरत.
आजीनं भोकात चिंधी कोंबली होती,
सकाळी उठून त्यानं ती काढली."
का काढली, ते त्या बोलल्या नाहीत.
शेंगांची टरफलं पदरात गोळा करून उठल्या.

पुण्याचं एक जोडपं येऊन गेलं. हेरिटेज, म्हणाले.
बाईंनी टाचा उंचावून भोकात बोट घातलं,
"हे एसीच्या पाइपसाठी का?"
मी हो म्हणालो.

आज अकलूजचं गिऱ्हाईक यायचंय.
दुपारचे दोन. लाइट गेलेली.
व्हरांड्याच्या फरशीवर जरा पाठ टेकली,
चपला काढल्या,
डोळा लागता लागता बघतोय तर
उजव्या पायाचा अंगठा
आपला आपण हलतोय,
मागं, पुढं.

किंमत : समक्ष बोलू.